सत्तावीस आणि बावन्न

नोटीस बोर्डाच्या कोपऱ्यात एक चौकोनी चिठ्ठी होती, हुपरीकर सरांच्या बारीक, सरळ अक्षरातली. 'डेटा स्ट्रक्चर्स, असाइनमेंट तीन. रोल नंबर २७ आणि ५२ यांनी गुरुवारी सकाळी अकरा वाजता माझ्या केबिनमध्ये यावे.' कारण लिहिलेलं नव्हतं.

बावन्न मी होते. सत्तावीस म्हणजे माझी रूममेट, मंगल कोळेकर.

"आपल्या दोघींचेच नंबर कसं काय गं?" मंगलनं विचारलं. तिनं चिठ्ठी दोनदा वाचली होती, बोट टेकवून.

"असंच. कुणालाही बोलावत असतील," मी म्हणाले. बोलावण्याचं कारण मला ठाऊक होतं.

अठरा वर्षं झाली याला. आम्ही कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. कॉलेज गावाबाहेर, माळावर. आमच्या हॉस्टेलच्या मागं फक्त कुसळं आणि एक पाण्याची टाकी. हुपरीकर सरांच्या डेटा स्ट्रक्चर्स या विषयाबद्दल सिनिअर मुलं दबक्या आवाजात सांगायची. पहिल्याच तासाला सरांनी प्रत्येकाला दोन पानी कागद दिला होता, 'या विषयाचे नियम', आणि खाली सही करून घेतली होती. प्रोग्रॅम कंपाईल झाला नाही तर तो वाचला जाणार नाही. प्रिंट आणि सीडी शुक्रवारी पाचच्या आत केबिनबाहेरच्या पेटीत टाकायची. "पाच म्हणजे पाच," सर म्हणाले होते. "पाच वाजून एक मिनिट म्हणजे माझ्या घड्याळात शनिवार." एकमेकांशी चर्चा करा, वाद घाला, फळ्यावर आकृत्या काढा, पण टाईप करताना एकटे असा. आणि सहावा नियम: दुसऱ्याचा कोड पाहणं आणि आपला कोड दाखवणं, किंवा दुसऱ्याच्या हाती लागेल असा ठेवणं, हे एकच. दोघांनाही टर्म मिळणार नाही, आणि पालकांना पत्र जाईल.

टर्म मिळाली नाही की परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे वर्ष गेलं.

"मी स्वतः एक प्रोग्रॅम लिहिलाय," सर म्हणाले होते. "तो तुमचे सगळे प्रोग्रॅम एकमेकांशेजारी ठेवून बघतो. नावं बदलून त्याला फसवता येत नाही."

आमचे बाबा सांगलीत एका शाळेचे मुख्याध्यापक होते आणि दर मार्चमध्ये दहावी-बारावीच्या भरारी पथकावर जायचे. कॉपी करणारी मुलं कशी पकडली, ते जेवताना सांगायचे. कुणाची चिठ्ठी पायमोज्यात, कुणाची पट्टीच्या मागं, एकाची तर हाताच्या प्लॅस्टरमध्ये. आम्ही हसायचो. बाबा मात्र हसायचे नाहीत. "चोरी ती चोरी," म्हणायचे आणि आमटी वाढून घ्यायचे. त्या सोमवारी नोटीस बोर्डापुढं उभी असताना मला बाबांचा तोच आवाज ऐकू येत होता.

असाइनमेंट तीन दवाखान्यातल्या पेशंटांच्या यादीची होती. नवा पेशंट आला की यादीत घालायचा, गेला की काढायचा, तातडीचा असेल तर पुढं आणायचा. माझ्या प्रोग्रॅममध्ये मधला पेशंट नीट निघायचा, पण पहिला काढला की सगळी यादीच नाहीशी व्हायची. मंगळवारपासून मी त्याच्याशी झगडत होते. मंगलला विचारायला हवं होतं, पण विचारवेना. कारण आजवर सगळं उलटं होतं. मी सांगलीच्या इंग्रजी शाळेतली. ती जत तालुक्यातल्या कोरडवाहू गावातली, बारावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेली. इंग्रजी पुस्तक मी तिला वाचून दाखवायची, अर्थ सांगायची. वर्गात सर काही बोलले आणि तिला शब्द कळला नाही, की ती मान वळवून माझ्याकडं बघायची. मी हळूच शब्द सांगायची. मला ते आवडायचं.

कॉम्प्युटर माझा होता. बाबांनी घेऊन दिलेला. मंगल आधी सगळं वहीत लिहायची आणि मग माझ्या मशीनवर टाईप करायची. त्या शुक्रवारी दोन वाजता तिनं प्रोग्रॅम पूर्ण केला आणि सीडी घेऊन प्रिंट काढायला लॅबमध्ये गेली. सव्वातीनला माझी यादी विसाव्यांदा नाहीशी झाली. स्क्रीनवर तिची फाईल होती. मी स्वतःशी म्हणाले, फक्त बघते.

तिनं सगळी नावं मराठीत ठेवली होती, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. 'पुढची'. 'मागची'. आणि यादीच्या अगदी सुरुवातीला एक रिकामी जागा, जिच्यात कुठलाच पेशंट नव्हता. तिचं नाव 'दगड'. ती का आहे मला कळलं नाही. पण तिचा प्रोग्रॅम चालत होता. मी 'पुढची'चं 'नेक्स्ट' केलं, 'दगड'चं 'डमी' केलं, दोनतीन ओळी खालीवर हलवल्या आणि पाचला दहा कमी असताना पेटीत प्रिंट आणि सीडी टाकली. परत येताना मी गुणगुणत होते, हे मला चांगलं आठवतंय.

सोमवारी चिठ्ठी लागली.

मंगळवारी दुपारी मंगल लायब्ररीत गेली, तेव्हा मी तिच्या फळीवरची वही काढली. सर विचारणार, आणि मला तर ती रिकामी जागा कशासाठी आहे तेही सांगता येणार नव्हतं. चौकटीची वही होती. आत आकृत्या होत्या, पण आमच्या पुस्तकातल्यासारखे चौकोन आणि बाण नव्हते. बायका होत्या. डोक्याला पदर, हातात घमेलं, एकीपुढं एक. प्रत्येकीचा हात पुढचीकडं गेलेला. खाली लिहिलं होतं, 'मधली गेली तर मागचीनं आदी पुढचीचा हात धरायचा. मग मधलीला सोडायचं. उलटं केलं तर पुढची सगळी रांग गेली.' पुढच्या पानावर: 'पैली बाई घरी गेली तर?' आणि त्याखाली एक दगड काढलेला.

दोन दुपारा मी ती वही वाचली. सरांचं शिकवणं मला तोवर पाठ होतं. त्या वहीनं ते पहिल्यांदा समजलं. समजलं तसं मी ते इंग्रजीत घोळवत गेले. बायका काढून टाकल्या, घमेली काढून टाकली. राहिलं ते अगदी पुस्तकी, स्वच्छ होतं. आरशासमोर उभी राहून मी ते म्हणून बघायची.

बुधवारी ती मेसमधून आली आणि खाटेवर बसून राहिली.

"मृदुला, एक बोलू?" ती म्हणाली. "मी तुझ्या कॉम्प्युटरवर टाईप केलं न्हवं? सरांच्या कागदात लिवलंय, आपला कोड दुसऱ्याच्या हाती लागंल असा ठेवायचा न्हाई. मी तर तुझ्याच मशीनवर ठेवला. सरांना ते कळलं असंल. म्हणून तुझा बी नंबर आलाय."

मी उठून टेबलावरचा कॉम्प्युटर बंद केला.

"माझ्यामुळं तू अडकलीस," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तुझे बाबा किती कडक हैत. मी सांगू का सरांना, की तिची काय चूक न्हाई म्हणून?"

"नको," मी घाईनं म्हणाले. "उगाच काही बोलू नकोस. सर विचारतील तेवढंच सांग."

"वर्ष गेलं तर माझी फ्रीशिप जाती. आणि आबा परत पाठवायचे न्हाईत. थोरलीचं लगीन झाल्याबिगर माझं करता येत न्हाई, म्हणून तवर मला सोडलंय त्यांनी." तिनं नाक पुसलं. "मला लई भ्या वाटतंय गं."

भीती मलाही वाटत होती. तिची भीती आणि माझी भीती एकाच खोलीत बसल्या होत्या, आणि माझी तिच्यापेक्षा मोठी होती, एवढंच मला कळत होतं. ती अंघोळीला गेली तेव्हा मी वही फळीवर परत ठेवली नाही. माझ्या सुटकेसमध्ये, कपड्यांच्या तळाशी घातली. ती वही तिनं सरांपुढं उघडली असती तर माझं सगळं संपलं असतं.

गुरुवारी सकाळी ती फळी उचकत होती. गादी उलटून बघितली, टेबलाखाली वाकून बघितलं.

"माझी वही बघितलीस का गं? चौकटीची?"

"नाही."

आयुष्यात मी बऱ्याच खोट्या गोष्टी बोलले असेन. पण तो एक शब्द अजून तसाच्या तसा आठवतो, तिनं गादी हातात धरली होती ती आठवते.

केबिन लहान होती. सरांच्या टेबलावर दोन प्रिंट शेजारी शेजारी ठेवलेल्या, एकीवर सत्तावीस, एकीवर बावन्न. खिडकीतून माळावरचं ऊन आत आलं होतं. सरांनी आम्हाला बसायला सांगितलं नाही.

"तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात आणि ती इंग्रजीत होते," सर म्हणाले. "तेव्हा मीही इंग्रजीतच विचारणार. सबनीस, आधी तुम्ही."

त्यांनी विचारलं, यादीच्या सुरुवातीला ही रिकामी जागा कशासाठी? वर्गात ही युक्ती शिकवलेली नाही. साठ जणांच्या वर्गात ती फक्त तुम्हा दोघींच्या प्रोग्रॅममध्ये आहे.

मी बोलायला लागले. पहिला पेशंट काढताना यादीचं टोकच हलतं, म्हणून न हलणारं एक टोक ठेवलं, मग पहिला आणि मधला असा फरक राहत नाही. सरांनी दोन उलटसुलट प्रश्न विचारले. त्यांचीही उत्तरं दिली. सरांची मान हलली. आतून मी तरंगायला लागले होते.

"कोळेकर?"

मंगलनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "सर, धिस नोड... इट इज... बिकॉज फर्स्ट वुमन..."

"वुमन?" सरांनी भुवया उंचावल्या. "विच वुमन?"

ती थांबली. पुन्हा तोंड उघडलं. "फर्स्ट वुमन गो होम, देन..." शब्द संपले. सरांनी प्रश्न सावकाश, सोपा करून पुन्हा विचारला. तो त्यांचा मऊ आवाज जास्त भयंकर होता. मंगल खाली बघत राहिली.

सरांनी तिची प्रिंट उचलली. "नावं मराठीत बदललीत," ते इंग्रजीतच म्हणाले. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, नावं बदलून काही होत नाही." त्यांनी एक रजिस्टर ओढलं, पेनाचं टोपण काढलं आणि फक्त सत्तावीसपुढं एक ओळ लिहिली.

मी सुटले होते. असं काही घडेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. शिक्षा झाली तर दोघींना होईल, एवढंच मी धरून चालले होते. पण इथं सर तिलाच चोर ठरवत होते आणि मी फक्त गप्प राहायचं होतं. दार माझ्या मागं दोन पावलांवर होतं. पाच मिनिटं, आणि मी बाहेर. बाबांना पत्र नाही, काही नाही.

तेवढ्यात मंगलनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

त्या बघण्यात राग नव्हता. संशयही नव्हता. वर्गात बघायची तसंच ती बघत होती. तिला शब्द हवा होता. मी सांगेन म्हणून ती थांबली होती.

"सर," मी म्हणाले. "तिला मराठीत विचारा."

"काय?"

"दगड का ठेवलाय, ते तिला मराठीत विचारा."

मग टोपण हातात तसंच धरून त्यांनी विचारलं, "कोळेकर, दगड कशाला?"

मंगलनं ओढणीचं टोक सोडलं. "सर, आमच्याकडं दुष्काळात रोजगार हमीचं तळं चालू हुतं. आई जायची, मी बी जायची सुट्टीत. बायका रांगेनं उभ्या ऱ्हायच्या, घमेलं या हातातनं त्या हातात. परतेकीला फक्त पुढची म्हाईत. मुकादम पहिल्या बाईवरनं रांग वळखायचा, ही सखूबाईची रांग, ही ताराबाईची. पण सखूबाईच घरी गेली की त्याला रांग गावायची न्हाई. हजेरी बुडायची. मग आईनं एक दगड ठेवला रांगेच्या तोंडाला. दगड काय काम करत न्हाई सर, पण दगड कुठं जात बी न्हाई. रांग दगडापासनं धरायची. पहिली गेली काय, मधली गेली काय, मग सारखंच."

सर उठून उभे राहिले होते. "आणि मधली गेली तर?"

"मागचीनं आदी पुढचीचा हात धरायचा, मग मधलीला सोडायचं. उलटं केलं तर पुढच्या सगळ्या बायका गेल्या. मेमरीत असत्यात, पण त्यांच्यापतूर कुणाला पोचता येत न्हाई." ती आता थांबतच नव्हती. तिनं टेबलावरचा खडू उचलला, विचारलंसुद्धा नाही, आणि सरांच्या मागच्या फळ्यावर काढायला लागली. तातडीचा पेशंट पुढं आणायचा तर तीन हात कसे बदलतात, कुठला आधी, कुठला नंतर. सर मध्येमध्ये "हं" म्हणत होते. एकदा ते हसलेही.

मग ती एकदम थांबली. खडू हातात, पाठ आमच्याकडं. ती वळली तेव्हा तिचा चेहरा बदलला होता.

"मला मराठीत येतंय, हे तुला कसं ठाव?" तिनं मला विचारलं. "दगड कशाला, ते मी कुणालाच सांगितलं न्हवतं. ते फक्त वहीत हुतं."

मी टेबलावरच्या माझ्या प्रिंटकडं बघितलं.

"माझी वही तू घेतलीस?"

"हो."

"प्रोग्रॅम बी?"

"हो."

तिनं खडू टेबलावर ठेवला. सर खाली बसले. मग मंगलनंच विचारलं, "सर, मी तिच्या मशीनवर ठेवला हुता. म्हंजे मी बी दिला, असं धरायचं का?"

"नाही," सर म्हणाले. "तुमचं घेतलं गेलं. दिलेलं आणि घेतलं गेलेलं, हे माझ्या कागदावर वेगळं लिहायला हवं होतं. चूक माझी आहे." रजिस्टरमधली नुकतीच लिहिलेली ओळ त्यांनी खोडली. "आणि तुम्हाला असं उभं केलं, त्याबद्दल माफ करा."

माझ्याकडं त्यांनी शेवटी बघितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "सबनीस, सहावा नियम तुम्हाला पाठ असेल," एवढंच म्हणाले.

बाबा शनिवारी आले. केबिनमध्ये अर्धा तास होते. मी बाहेर भिंतीला टेकून उभी. लहानपणापासून ज्या क्षणाची भीती बाळगली होती तो आता दाराच्या पलीकडं होता. ते बाहेर आले, त्यांनी माझी बॅग उचलली आणि आम्ही एसटी स्टँडपर्यंत चालत गेलो. तिथल्या बाकावर बसल्यावर ते म्हणाले, "इतकी पोरं पकडली मी. पण त्यांचे बाप शाळेबाहेर उभे असायचे, त्यांच्याकडं कधी बघितलं नाही." मग त्यांनी रुमालानं चष्मा पुसला. बराच वेळ पुसत राहिले. मला त्यांनी एक शब्दही बोलून दाखवला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. त्या मार्चपासून मात्र ते भरारी पथकावर गेले नाहीत.

मंगलनं गुरुवारीच खोली बदलली होती. तिची वही मी तिच्या नव्या खोलीच्या दारात ठेवली, कारण हातात द्यायचं धाडस झालं नाही.

पुढच्या जूनमध्ये मी पुन्हा दुसऱ्या वर्षाला बसले, माझ्याहून लहान मुलांबरोबर. मंगल तिसऱ्या वर्षाला गेली होती. कॅन्टीनमध्ये, पायऱ्यांवर, कुठंही दिसली की ती नजर वळवायची. मी वाट सोडून उभी राहायची. असं सबंध वर्ष गेलं, त्यावर आणखी चार महिने.

एका रविवारी सकाळी माझं दार वाजलं. मंगल उभी होती. केस ओले, पायात चपला.

"आत येऊ?"

मी बाजूला झाले. ती खुर्चीवर बसली. बसल्यावर म्हणाली, "माफ केलं असं समजू नकोस."

"नाही समजत."

"कंपन्या यायच्या हैत कॉलेजात. इंटरव्ह्यू इंग्रजीत असतो. मला सगळं येतंय, पण तोंडातनं निघत न्हाई. दुसऱ्या कुणाला विचारलं तर हसतील." ती माझ्याकडं सरळ बघत होती. "तू हसणार न्हाईस. तेवढं तू माझं देणं लागतीस."

मी खाटेवर बसले. "सुरुवात कशानं करू या?"

"तूच विचार. काय बी. इंग्रजीत."

मी तिला विचारलं, तुझ्या गावाबद्दल सांग. तिनं ओठ दाबले, छताकडं बघितलं, आणि बोलायला लागली. पहिलं वाक्य अर्ध्यात अडकलं. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं नाही. स्वतःच शब्द शोधत राहिली. शब्द माझ्या जिभेवर होता. मी तो बोलले नाही. ती चुकली, परत मागं गेली, पुन्हा चुकली. तिचं वाक्य पूर्ण होईपर्यंत मी थांबले.